चव्हाट्यावरचा सौदा

तिन्हीसांज उलटली, की गावाबाहेरच्या तिकटीवरून एकटे जायला भलाभला गडीही कचरतो. तिथे कोणीतरी उतारा टाकलेला असतो. भाताचा गोळा, कापलेले लिंबू, त्यावर हळदकुंकू, कधी एखादी काळी बाहुली. घरातली जुनी माणसे बजावतात, "ओलांडू नकोस रे, कडेने जा." जिथे वाटा एकमेकींना मिळतात तिथे या जगाची आणि त्या जगाचीही गाठ पडते, अशी ही समजूत आहे.

वाचकहो, ही समजूत आपल्याच मुलखातली आहे असे मानू नका. सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेच्या मिसिसिपी राज्यात, कापसाच्या शेतांमधून जाणाऱ्या चौरस्त्यांबद्दल तिथले शेतमजूरही असेच बोलत. तिथल्या एका चौरस्त्याची गोष्ट तर आता जगभर सांगितली जाते. ती अशी.

एक गरीब पोर होता. हातात जुनी गिटार, वाजवायची हौस दांडगी, पण हाताला सूर नाही. लोक हसत, हाकलून देत. शेवटी एका रात्री बाराच्या सुमाराला तो चौरस्त्यावर जाऊन बसला. अंधारातून एक उंचापुरा काळा पुरुष आला. काही न बोलता त्याने गिटार हाती घेतली, तारा जुळवल्या, थोडे वाजवले आणि गिटार परत दिली. झाले! त्या रात्रीपासून पोराच्या बोटांत जादू आली. तो पुरुष म्हणजे सैतान, आणि पोराने मोबदल्यात दिला तो आपला आत्मा. पुढे पोराचे नाव झाले, पण सौद्याची मुदत भरली आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी तो तडफडून मेला.

या पोराचे नाव रॉबर्ट जॉन्सन. तो खराच होऊन गेला, त्याचा अकाली मृत्यूही खरा. त्याची गाणी आजही ऐकता येतात, आणि ती ऐकल्यावर असे कोणी वाजवू शकते यावर विश्वास बसत नाही. राहता राहिला सौदा. तो झाला का, कोणाशी झाला आणि त्यात कोणी काय गमावले, हे तुमच्यासारख्या शेतकरी कुटुंबाने जरूर जाणून घ्यावे. कारण ही गोष्ट कापसाच्या शेतात उगवलेली आहे.

कापसाचा मुलूख

मिसिसिपी राज्याच्या वायव्येला, नदीच्या गाळाने भरलेला, पाटासारखा सपाट असा एक पट्टा आहे. त्याला 'डेल्टा' म्हणतात. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला तिथे नेऊन उभे केले, तर मूठभर माती हातात घेऊन तो म्हणेल, ही कपाशीची जमीन. या जमिनीवर आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांकडून आणि त्यांच्या लेकरांकडून कापूस पिकवून घेत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि १८६५ मध्ये घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी संपली.

त्या युद्धाचा धक्का आपल्या आजे-पणज्यांनाही बसला होता, बरे का! अमेरिकेचा कापूस अडल्याबरोबर विलायतेतल्या गिरण्यांनी खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे एवढा भाव दिला. युद्ध संपले आणि भाव कोसळला. सावकारांनी हात आखडता घेतला. डोक्यावरची कर्जे मात्र तशीच राहिली. सारा वाढलेला, त्यात ही अडचण. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले आणि ते लोण तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातही पसरले, हे तुम्ही शाळेत वाचले असेल.

तिकडे गुलाम सुटले, पण जमीन जुन्या मालकांचीच राहिली. मग अर्धेलीची पद्धत पडली. मालकाने जमीन, बियाणे आणि नांगराला खेचर द्यायचे. कुळाने बायकापोरांसह वर्षभर राबायचे. पीक येईपर्यंत पीठ-मीठ मालकाच्या दुकानातून उधारीवर उचलायचे. कापूस वेचून झाला की वर्षाच्या शेवटी हिशेब. वही मालकाची, काटा मालकाचा आणि व्याजाचा दरही मालकाचाच. बहुतेक कुळांच्या नावावर हिशेबाअंती बाकीच निघे, आणि पुढचे वर्ष ती फेडण्यात जाई.

अशा जगण्यातून एक गाणे जन्माला आले. आपल्याकडे सुगीत भलरी म्हणतात. जात्यावर बसलेली बाई आपले दुःख ओवीतून सांगते. तसेच या कृष्णवर्णीय मजुरांनी शेतात काम करताना एकमेकांना घातलेल्या सादांतून, देवळातल्या भजनांतून आणि घरच्या दुःखातून 'ब्लूज' नावाचे गाणे घडवले. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिचा उलगडा करायचा, असा त्याचा साधा बांधा. साथीला गिटार. घरात गिटार नसेल तर पोरे भिंतीला एक तार ठोकत आणि तिच्यावर बाटली सरकवून सूर काढत.

शेतात मन न रमणारा पोर

रॉबर्टचा जन्म ८ मे १९११ रोजी हेझलहर्स्ट या गावी झाला, असे सामान्यतः मानतात. त्याच्या आईच्या नवऱ्याची स्वतःची जमीन होती आणि लाकडी-वेताचे सामान बनवण्याचा धंदाही होता. कृष्णवर्णीय माणसाने त्या काळी एवढे वर येणे हेच धाडस. गोऱ्या जमीनदारांशी त्याचे भांडण झाले आणि जीव वाचवण्यासाठी त्याला गाव सोडून मेंफिस शहरी पळावे लागले. तिथे तो नाव बदलून राहिला. मागे राहिलेल्या बायकोची परवड झाली. रॉबर्ट जन्मला तो या परवडीच्या दिवसांत, दुसऱ्या पुरुषापासून. काही वर्षे तो मेंफिसला त्या आधीच्या कुटुंबात वाढला, नंतर आईकडे आणि सावत्र बापाकडे डेल्टात आला. रॉबिन्सनव्हिल गावाजवळच्या कापसाच्या मळ्यात.

शहर पाहिलेल्या या पोराचे मन शेतात रमेना. तोंडाने वाजवायचा बाजा त्याला बरा येत होता. आता गिटारचे वेड लागले. कापूस वेचायच्या दिवसांत पोरगा तारा छेडत बसतो म्हटल्यावर घरात काय होत असेल, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको. सावत्र बापाशी त्याचे पटेना.

१९२९ च्या फेब्रुवारीत त्याचे लग्न झाले. त्या वेळी तो सतरा वर्षांचा होता आणि नवरी त्याहून लहान. एप्रिल १९३० मध्ये बाळंतपणात ती गेली, बाळही गेले. सासरच्या माणसांनी दोष दिला तो त्याच्या गाण्याला. देवाची गाणी सोडून नाचगाण्याच्या अड्ड्यांवरची गाणी म्हणतो, म्हणून ही शिक्षा झाली, असे त्यांचे म्हणणे.

वाचकहो, इथे जरा थांबा. त्या मुलखातली चर्चला जाणारी माणसे ब्लूजला 'सैतानाचे गाणे' म्हणत. भजन सोडून जो त्या वाटेला लागला, तो 'सैतानाला विकला गेला', असे सर्रास बोलत. आपल्याकडे तमाशाच्या फडात गेलेल्या पोराला 'घराण्याला काळिमा फासला' म्हणत, तसेच. म्हणजे सौद्याचा बोल रॉबर्टला चिकटला तो चौरस्त्यावर नव्हे. तो घरातल्याच माणसांच्या तोंडून चिकटला, आणि तोही एकोणीस वर्षांचे वय पुरे होण्याआधी, बायको-मूल गमावलेल्या पोराला.

"काढून घ्या ती गिटार त्याच्याकडून!"

त्याच वर्षी, १९३० मध्ये, सन हाऊस नावाचे एक नामी गवई रॉबिन्सनव्हिलला राहायला आले. विली ब्राऊन हे त्यांचे जोडीदार तिथे होतेच. शनिवारी रात्री मळ्यातल्या एखाद्या खोपटात नाच-गाण्याची बैठक जमे. तळलेली मासळी, चोरटी दारू, नाच आणि ब्लूज. रॉबर्ट घरातून निसटून तिथे जाई आणि या दोघांच्या पायाशी बसून त्यांची बोटे न्याहाळी.

पुढे १९६० च्या दशकात सन हाऊस यांनी ही हकीकत अभ्यासकांना सांगितली. आम्ही दम घ्यायला बाहेर गेलो, की हा पोर आमची गिटार उचलायचा आणि असा काही गोंगाट करायचा, की लोक वैतागून आम्हाला म्हणायचे, त्याच्या हातातून ती काढून घ्या. आम्ही त्याला रागावायचो, पण तो ऐकेल तर शपथ.

मग एक दिवस रॉबर्ट गावातून नाहीसा झाला. काही काळाने एका रात्री गिटार पाठीला लावून परत आला आणि म्हणाला, मला थोडे वाजवू द्या. दोघे गालातल्या गालात हसले. रॉबर्टने वाजवायला सुरुवात केली आणि ते तोंडात बोट घालून पाहत राहिले. सहा महिन्यांत हे कसे झाले? हाऊस यांना उमगेना. 'याने आत्मा विकला असावा' हे वाक्य पुढे त्यांच्या नावावर छापून आले, १९६६ मध्ये. रॉबर्टला जाऊन तेव्हा अठ्ठावीस वर्षे झाली होती.

मधल्या काळात तो कुठे होता?

अभ्यासकांनी हीच गाठ सोडवली. तारखा जुळवून पाहिल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की सहा महिने हा आठवणीतला हिशेब आहे. रॉबर्ट एक वर्षाहून बराच अधिक काळ दूर होता. शेतकऱ्याला हा फरक सांगायला नको. सहा महिन्यांत एक हंगाम निघतो, पण फळबाग उभी राहायची तर वर्षे लागतात.

दुसरी गोष्ट याहून मोलाची. तो आपल्या जन्मगावाकडे, हेझलहर्स्टच्या बाजूला गेला होता. खऱ्या बापाचा शोध घ्यायला गेला, असे म्हणतात. बापाचे काय झाले ते असो, त्याला गुरू भेटला. त्यांचे नाव आइक झिमरमन. जवळच्या ब्यूरेगार्ड गावी बायकामुलांसह राहणारा हा साधा गृहस्थ उत्तम गिटार वाजवी. त्यांनी या पोरक्या मुलाला घरी ठेवून घेतले. तो त्यांच्याच घरात राहिला, त्यांच्याच ताटात जेवला. झिमरमन यांच्या मुलीने पुढे म्हातारपणी या दिवसांच्या आठवणी सांगितल्या, त्यामुळे हे सारे उजेडात आले. २०१९ मध्ये ब्रूस कॉनफर्थ आणि गेल डीन वॉर्डलो यांनी लिहिलेल्या चरित्रात ते सविस्तर आले आहे.

आता ऐका गंमत. गुरू-शिष्य रात्री रियाझाला कुठे जात? जवळच्या स्मशानात! थडग्यांच्या दगडांवर बसून दोघे मध्यरात्रीपर्यंत वाजवत. कारण अगदी साधे. घरात मुले झोपलेली, शेजारीपाजारी दिवसभर राबून आडवे झालेले. स्मशानात कोणाची झोप मोडत नाही, आणि पोर चुकला तर कोणी हसतही नाही. झिमरमन स्वतःही लोकांना गमतीने सांगत, की मी वाजवायला शिकलो तो स्मशानात, मध्यरात्री.

आता तुम्हीच विचार करा. अमावास्येच्या रात्री वाटेने जाणाऱ्या एखाद्याला स्मशानातून तारांचा आवाज आला असेल, तर दुसऱ्या दिवशी त्याने गावात काय सांगितले असेल? अशा गोष्टीला पाय फुटायला कितीसा वेळ लागतो!

आणि त्या रियाझातून रॉबर्टने मिळवले तरी काय? अंगठ्याने खालच्या तारांवर सतत ठेका धरायचा, त्याच वेळी उरलेल्या बोटांनी वरच्या तारांवर सूर काढायचे आणि गळ्याने तिसरेच काहीतरी गायचे. इंग्लंडच्या रोलिंग स्टोन्स या प्रसिद्ध वाद्यवृंदातले कीथ रिचर्ड्स यांनी त्याची रेकॉर्ड पहिल्यांदा ऐकली, तेव्हा विचारले होते, की याच्याबरोबर दुसरा वाजवणारा कोण आहे? दुसरा कोणी नव्हताच. दुसरा वाजवणारा म्हणजे त्याचा स्वतःचाच अंगठा.

गोष्ट मुळात कोणाची?

चौरस्त्याची गोष्ट आधी सांगितली गेली ती दुसऱ्याच माणसाबद्दल. मिसिसिपीतच टॉमी जॉन्सन नावाचे दुसरे ब्लूज गायक होते. त्यांचा रॉबर्टशी काही नातेसंबंध नाही, आडनाव मात्र तेच. ते १९५६ मध्ये वारले. त्यांच्या भावाने डेव्हिड इव्हान्स या अभ्यासकाला ती चौरस्त्याची, उंच काळ्या पुरुषाची आणि तारा जुळवून देण्याची हकीकत सांगितली. टॉमी स्वतःच ती सांगत असत म्हणे. गावोगाव फिरणाऱ्या कलावंताला असा दबदबा उपयोगी पडतो, हे आपल्याकडच्या गारुड्याला आणि पहिलवानालाही ठाऊक आहे. पुढे दोन जॉन्सनांच्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आणि साऱ्या रॉबर्टच्या नावावर जमा झाल्या.

या गोष्टीचे मूळ त्याहूनही जुने आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या लोकांत लेग्बा किंवा एशू नावाचा देव आहे. तो वाटांचा आणि चौरस्त्यांचा राखणदार. माणसाचे म्हणणे इतर देवांपर्यंत पोचवायचे ते त्यानेच. खोडकर आहे, पण सैतान नव्हे. त्या भागातली माणसे गुलाम होऊन अमेरिकेत आली, त्यांच्याबरोबर या देवाची आठवणही आली. नव्या धर्माच्या नजरेने पाहिल्यावर वेशीवरचा देव सैतान ठरला. आपल्या शिवेवरच्या म्हसोबाला परक्या माणसाने भूत म्हणावे, तसेच हे झाले.

युरोपातही असाच प्रकार घडला. इटलीचे निकोलो पागानिनी व्हायोलिन असे वाजवत, की लोक म्हणत, यांच्या हातात सैतान आहे. १८४० मध्ये ते वारले तेव्हा धर्मगुरूंनी त्यांना पवित्र भूमीत जागा नाकारली. त्यांचा देह वर्षानुवर्षे इकडून तिकडे हलवत ठेवावा लागला. पार्मा शहरातल्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली ती १८७६ मध्ये, छत्तीस वर्षांनी. लहानपणी बापाने त्यांना तासन् तास डांबून व्हायोलिनचा सराव करायला लावला होता, हे सांगायला मात्र कोणाला सवड नव्हती.

रॉबर्टनेही सैतानावर गाणी रचली, हे खरे. पण ज्या गाण्यामुळे चौरस्ता त्याच्या नावाशी जोडला गेला, त्या 'क्रॉस रोड ब्लूज'मध्ये सैतान औषधालाही नाही. त्यात एक माणूस चौरस्त्यावर गुडघे टेकून देवाची करुणा भाकतो. जाणाऱ्या गाड्यांना हात करतो, पण कोणी थांबत नाही. दिवस बुडत चालला आहे. परक्या गावी, अंधार पडल्यावर, एकट्या कृष्णवर्णीय माणसाने रस्त्यावर सापडणे म्हणजे काय, हे त्या काळच्या मिसिसिपीत प्रत्येकाला माहीत होते. झुंडीने माणसे मारली जात, आणि न्याय होत नसे. त्या गाण्यातली भीती भुताची नाही, माणसांची आहे.

खरा सौदा

मग सौदा झालाच नाही का? झाला. पण तो दिवसाढवळ्या, शहरात झाला.

नोव्हेंबर १९३६ मध्ये एका रेकॉर्ड कंपनीने रॉबर्टला टेक्सास राज्यातल्या सॅन अँटोनिओ शहरी बोलावले. तिथल्या एका हॉटेलच्या खोलीत त्याचे गाणे मुद्रित झाले. जून १९३७ मध्ये डॅलस शहरी पुन्हा मुद्रण झाले. दोन्ही मिळून एकोणतीस गाणी. त्याचे सारे संचित एवढेच. त्यातल्या 'टेराप्लेन ब्लूज'च्या काही हजार रेकॉर्ड खपल्या. त्या काळी अशा कलावंताच्या हातावर ठरावीक रक्कम ठेवण्याची रीत होती. पुढे रेकॉर्ड किती खपल्या, त्यात तुझा वाटा किती, हा प्रश्न सहसा उद्भवतच नसे. मळ्यात वही मालकाची होती. इथेही वही दुसऱ्याचीच.

रॉबर्ट पुन्हा वाटेला लागला. आज या गावच्या चौकात, उद्या त्या मळ्यातल्या नाचाला. १६ ऑगस्ट १९३८ रोजी ग्रीनवूड गावाजवळ तो मेला. एका बाईवरून जळफळाट झालेल्या माणसाने दारूतून विष दिले, असे त्याच्या सोबत्यांनी सांगितले. कोणावर खटला मात्र झाला नाही. त्याचा मृत्यूचा दाखला तीस वर्षांनी, १९६८ मध्ये सापडला. मृत्यूचे कारण लिहायच्या जागी दोनच शब्द होते: डॉक्टर नव्हता. सौद्याची मुदत भरल्याची कथा सांगताना या दोन शब्दांचा उल्लेख कोणी करत नाही. ज्याच्या आजारपणात डॉक्टर येत नाही, त्याला मारायला सैतान कशाला हवा? त्याला पुरले कुठे, हेही नक्की नव्हते. त्या भागात तीन ठिकाणी त्याच्या नावाचे दगड उभे आहेत.

त्याच वर्षी २३ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉल या नामांकित सभागृहात कृष्णवर्णीयांच्या संगीताचा मोठा कार्यक्रम झाला. जॉन हॅमंड या संयोजकाने रॉबर्टला आणण्याचे ठरवले होते. शोध घेतला तेव्हा कळले, तो चार महिन्यांपूर्वीच गेला. त्या रात्री रंगमंचावर त्याच्या रेकॉर्ड वाजवण्यात आल्या.

१९६१ मध्ये त्याच्या निवडक गाण्यांची मोठी रेकॉर्ड निघाली आणि इंग्लंड-अमेरिकेतली तरुण पोरे ती ऐकून गिटार शिकली. १९९० मध्ये त्याची सारी गाणी एकत्र निघाली, तेव्हा दहा लाखांहून अधिक संच खपले. १९९४ मध्ये अमेरिकन सरकारने त्याचे टपाल तिकीट काढले. पैशांचा पाऊस पडला, पण शेत कोणाचे? वारस कोण, यावर वर्षानुवर्षे कोर्टबाजी चालली. अखेर मिसिसिपीत खडीचा ट्रक चालवणाऱ्या एका गृहस्थाला कोर्टाने रॉबर्टचा मुलगा ठरवले आणि २००० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. हा मुलगा लहान असताना बाप एकदा त्याला भेटायला दारात आला होता. आजी-आजोबा धर्मभीरू. सैतानाची गाणी म्हणणाऱ्याशी संबंध नको, म्हणून त्यांनी मुलाला बाहेर जाऊ दिले नाही. तो दाराआडून पाहत राहिला. सौद्याच्या गोष्टीने घेतलेली खरी किंमत ही.

आपण काय घ्यायचे?

तुम्ही म्हणाल, मिसिसिपीच्या गिटारवाल्याचे आम्हाला काय? तर वाचकहो, दोन गोष्टी गाठीला बांधून ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट. कोणाच्या हातून काही विलक्षण घडले, की आपण चटकन म्हणतो, "त्याला काहीतरी सिद्धी आहे." यात कौतुक असते, पण चोरीही असते. शिकवणाऱ्याचे श्रेय चोरले जाते आणि शिकणाऱ्याच्या रात्री चोरल्या जातात. आइक झिमरमन यांच्या गाण्याचे एकही मुद्रण नाही. सैतानाचे नाव जगाला पाठ, आणि ज्यांनी पोरक्या पोराला जेवू घालून शिकवले त्यांचे नाव कोणाला ठाऊक नव्हते. शिवाय सिद्धीवर विश्वास बसला, की ती विकणारे भेटतातच. परीक्षेत यश, कुस्तीत यश, गळ्यात सूर, शेतात गुप्तधन. प्रत्येकाचा दर ठरलेला. यात कोंबडी-बकऱ्यांपासून थेट माणसांच्या जीवापर्यंत बळी गेले आहेत. म्हणूनच महाराष्ट्रात २०१३ मध्ये नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांविरुद्ध कायदा झाला. त्यासाठी आयुष्य वेचणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात खून झाला, हेही विसरू नये.

दुसरी गोष्ट कागदाची. ऊसतोडीची उचल घेताना, फडाशी करार करताना किंवा गाणे कंपनीला देताना आपण काय देऊन बसतो, ते नीट वाचून घ्या. आता गावोगावची पोरे मोबाइलवर गाणी करतात, लाखो लोक ती ऐकतात, आणि कोणीतरी कागद पुढे करून म्हणतो, "इथे सही कर, एवढे रोख घे." २०१२ मध्ये आपल्या देशातल्या कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रिकेत गाणे गेले, तरी गीतकार आणि संगीतकार यांचा पुढच्या उत्पन्नातला वाटा काढून घेता येत नाही, असे त्यात ठरले. गाणे रचणाऱ्या पोराला हे माहीत असले पाहिजे. सही करण्याआधी कागद घरी आणावा, चार शहाण्या माणसांना, जमल्यास वकिलाला दाखवावा. जो कागद घरी नेऊ देत नाही, त्याच्या सौद्यात काळेबेरे आहे असे खुशाल समजावे.

आणि घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी एक शेवटचे. तुमचा एखादा मुलगा ढोलकीवर सारखा चुकत असेल, मुलगी पेटीवर तेच तेच सूर घोटून कान किटवत असेल, तर हसू नका, रागावू नका. गोठ्याजवळची एखादी खोली द्या, मळ्यातले खोपट द्या. कंदील द्या. गावात जाणता कोणी असेल तर त्याच्याकडे मुलाला घेऊन जा आणि सुगीला त्या गुरूच्या घरी चार पायली धान्य पोचते करा. चुकायला जागा आणि शिकवायला माणूस मिळाला, की पोराला मध्यरात्री कुठे जाऊन बसावे लागत नाही.